पाळणाघराची बाई

कर्जाचा पुढचा हप्ता सुटला, की चंपतराव ठेकेदारांचं कळमन्यातलं दुसरं गोदाम उभं राहणार होतं. खापरखेड्याच्या रस्त्याला पैसा पुरवणाऱ्या परदेशी बँकेची अट होती, मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं. तपासणीच्या आदल्या दिवशी चंपतरावांनी ताडपत्री ताणली, झोके बांधले आणि सांभाळणारी बाई म्हणून घरच्या प्रेमिलाबाईंनाच बसवलं. फुकटात काम भागलं.

"तू माही बायको आहे, हे तेवढं सांगू नको," त्यांनी बजावलं. "बाकी विचारलं ते खरं सांग."

बँकेच्या मॅडम पाळणाघर पाहून खूश झाल्या. प्रेमिलाबाईंजवळ बसल्या.

"यांच्याकडे कधीपासून काम करता?"

"बावीस वर्षं झाले."

"पगार?"

"कधीच नाही भेटला."

"सुट्टी?"

"थेबी नाही."

"राहता कुठे?"

"त्याइच्याच घरी. विचारल्याबिगर माहेरी जाता येत नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. चंपतराव बायकोच्या कानाशी लागले, "अवं, मी नवरा आहो म्हणून सांग ना."

"तुम्हीच तर नाही म्हणलं."

या बाईचा थकलेला पगार चुकता होईपर्यंत हप्ता मिळणार नाही, असं मॅडमनी लिहून दिलं. यथावकाश हप्ता सुटला, पाळणाघर कायम झालं, आणि गोदामासाठी जमवलेला पैसा प्रेमिलाबाईंच्या खात्यात गेला.