अप्पांचं उत्तर
अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पांची वाचा गेली, म्हणून डोळ्यांनी चालणारं मशीन आणलं. पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’. ज्यावर नजर थांबेल तो शब्द मशीन बोलणार. मी सगळ्यांदेखत विचारलं, “अप्पा, आमच्या घरी राहायला येता ना?” “हो,” मशीन म्हणालं. लगेच, “नाही.” मग, “हो, हो, नाही.” “अहो, एक काय ते ठरवा!” आई वैतागली. मशीनवाल्याने डोकं खाजवलं. “मावशी, तुम्ही सगळे वाकून पडद्यात बघताय. मशीन दिसेल त्याचे डोळे पकडतं. तोंडं फिरवा बघू.” आई, बहीण, बायको, खुद्द मशीनवालाही, सगळे भिंतीकडे वळले. विचारायला समोर एकटा मी. पुन्हा विचारलं. “नाही,” मशीन ठणकावून म्हणालं. मी सुस्कारा सोडला. “बघा, अप्पांचीच इच्छा नाही. जबरदस्ती कशी करणार?” बहीण वळली, अप्पांकडे वाकली. “दादा, अप्पा तर केव्हाचे झोपलेत!”