पन्नासातला एक

अठ्ठेचाळिसावा पानाही ऐरणीवर खणखणीत वाजला. अंबादासने तो डावीकडच्या ढिगात टाकला आणि पुढच्यासाठी हात पसरला.

खोक्यातून एकेक पाना काढून देत होते मारुतराव. ते फौजेतून सुटल्यावर अंबादासनेच त्यांना फरीदाबादच्या या कारखान्यात चिकटवलं होतं. आता ते भट्टीचे मुकादम होते, आणि त्यांची चाळीस माणसं हातात चहा धरून, न पिता, भोवती उभी होती.

रीत थोरल्या मालकांची. कुठल्याही मालातले पन्नास पाने ऐरणीवर आपटायचे. चिरलेला पाना बद्द वाजतो. एक जरी बद्द वाजला, तरी सगळा माल परत. अंबादासच्या कानाचा विमा उतरवायला हवा, असं थोरले मालक म्हणायचे. तेव्हा इथे तीन भट्ट्या रात्रंदिवस पेटत आणि दिल्लीचे दुकानदार मालासाठी फाटकाशी ठाण मांडून बसत.

आता एकच भट्टी उरली होती. आयातीची दारं उघडली होती. आज समोर होता तो माल महिनाभर बोटीत बसून आला होता, तरी इथल्यापेक्षा स्वस्त. धाकट्या मालकांनी सरळ सांगून टाकलं होतं, अंबादासजींनी पास केला तर पुढच्या महिन्यापासून हाच घ्यायचा, वर आपलं नाव ठोकायचं आणि विकायचा. भट्टी बंद. त्या जागेवर फ्लॅट बांधू म्हणणारा बिल्डर दोनदा चहा पिऊनही गेला होता.

सकाळी डबा भरताना बायको, सुमित्रा, म्हणाली होती, "जन्मभर खरं बोललात ना? मग आज एकदा नाही बोललात तर कुणाचं काय जातंय?"

अंबादासही मनातून एका बद्द आवाजाची वाटच बघत होता. पण माल मेला चांगला होता.

एकोणपन्नासावा बद्द वाजला.

चाळीस जणांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी चहाचा घोटही घेतला. शेजारी उभ्या धाकट्या मालकांचा चेहरा उतरला.

अंबादासने पाना उचलला. तो कोमट होता. दांड्यावर, नाव ठोकतात नेमक्या त्या जागी, नुकताच ग्राइंडर फिरला होता. वरून तेल आणि काजळी घाईघाईने चोळलेली. त्याने मारुतरावांकडे पाहिलं. ते भट्टीकडे बघत होते.

हात निसटला, आपटणं चुकलं, असं त्याने मालकांना हिंदीत सांगितलं. पुढचे दोन पाने स्वतः खोक्यातून काढून वाजवले. मग कार्डावर 'पास' लिहून सही केली.

कोमट पाना त्याने मारुतरावांच्या हातात ठेवला आणि मालकांना कळू नये म्हणून मराठीत, अगदी हळू म्हणाला, "हा एक आपला आहे, मारुतराव. बाकी सगळे चांगले आहेत."