जोह्याचा येशू

परदेशातल्या चर्चची माणसं आठवड्याभरासाठी जोहे गावात आली आणि शाळेच्या भिंती रंगवायला लागली, तेव्हापासून कमळाकरच्या मनात पाल चुकचुकत होती. "फुकटात कोण दुसऱ्याच्या गावाला रंग देतो गो?" तो बायकोला, सगुणाला म्हणाला. "बाटवायला आलीत ती." पण ती माणसं देवाचं नावसुद्धा काढीनात, तसा त्याचा संशय आणखीच बळावला.

मग एके दिवशी त्यांचा म्हातारा म्होरक्या कमळाकरच्या मूर्तींच्या कारखान्यात आला. खिशातलं येशूच्या चेहऱ्याचं चित्र दाखवून त्याने तशी मूर्ती मागितली. जन्मभर गणपती घडवणाऱ्या कमळाकरने दोन्ही हात पसरून उभा असलेला येशू केला खरा, पण रंगवताना गणपतीच्या हातावर देतो तसाच लाल टिळा मुद्दाम त्याच्याही दोन्ही तळहातांवर दिला. "आता कोण कोणाला बाटवतो, बघू!"

निघायच्या दिवशी म्हाताऱ्याने मूर्ती हातात घेतली. ते टिळे दिसले मात्र, तो ढसाढसा रडायला लागला.

"ह्ये काय नवं सोंग?" कमळाकर पुटपुटला.

दुभाष्या म्हणून सोबत आलेले रोह्याचे मास्तर म्हणाले, "ते विचारतायत, चित्रात तर नुसता चेहरा होता. येशूच्या हातांना खिळे ठोकले होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाय," कमळाकर म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या हाताचा संशय आला.