शनिवारची बाटली

दर शनिवारी टिपणीस घरच्या टाकीतलं खारं पाणी बाटलीत भरून माशांच्या दुकानात तपासायला आणत. तिथली शलाका नळीत औषधाचे थेंब टाके आणि रंग येईपर्यंत त्यांच्या जोकर माशाची चौकशी करी. आठवड्याभरात टिपणीसांचं कुणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

आज नळीतलं पाणी पिवळंच राहिलं.

"काका, मासा असला की थोडं तरी लाल होतं. यात तर माशाची घाणच नाही!"

टिपणीस बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मासा सोमवारीच गेला होता. टाकी धुऊन पालथी घातलेली, म्हणून सकाळी त्यांनी बादलीतच मीठ कालवलं होतं.

शलाकाने त्यांच्याकडे न बघता नळी विसळली.

"असं पाणी रोज तपासावं लागतं, काका," ती म्हणाली. "उद्या या."