जाळीपलीकडचे काका

"मले बी दे ना!" जुईनं माझ्या ताटातल्या भाकरीकडे हात केला आणि घास माझ्या तोंडातच फिरला.

ती तान्ही असताना नवऱ्याचा मार चुकवून मी अमरावती सोडली. कोल्हापुरातला पत्ता माहेरीही कळवला नाही, आणि तिच्यासमोर वऱ्हाडी शब्द कधी काढला नाही.

"पाळणाघरात शिकलीस का गं असं बोलायला?"

"जाळीपलीकडचे काका बोलतात तसं. चॉकलेट देतात."

"आणि काय म्हणतात?"

ती खुदकन हसली. "मी घरी येतो, तुह्या मायले सांगू नोको, म्हणतात."

तेवढ्यात बेल वाजली. "काका आले!" म्हणत जुई दाराकडे धावली.

"उघडू नोको!" मी किंचाळले. इतकी वर्षं गिळलेली बोली भीतीनं पुन्हा तोंडात आणली.

दारापलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं.