खड्ड्यातली सावली

दुपार कलली तशी खड्ड्याच्या मावळतीच्या भिंतीखाली सावली उतरली. बायांनी भाकरीची फडकी सोडली. नागम्मानं आपली तान्ही लेक जुन्या लुगड्याच्या धडप्यावर निजवली, भिंतीला अगदी लागून, कारण सावली तिथं सगळ्यात गार होती.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. गावाबाहेर एका नव्या कचेरीचा पाया खणणं चाललं होतं. काळी माती, दोन पुरुष खोल. पावसानं पाठ फिरवून वर्षं झाली होती. वर एक कडुलिंब होता, पण त्याचा पाला शेळ्यांना गेला आणि फांद्या चुलींना. म्हणून जेवणं खालीच. खणलेली मातीही बाया मुद्दाम काठावरच टाकत. ढीग जितका उंच, तितकी सावली लांब.

"वर या," काठावरून मुकादम मकबूल ओरडला. "सगळ्याजणी. आत्ताच्या आत्ता."

"घास तर गिळू द्या, मकबूलभाई," साखराबाई म्हणाली.

"वर येऊन गिळा. कालपासून सांगून राहिलो, माती लांब टाका, लांब टाका. आता ढिगामागं भेग पडलीय."

"भेग?" साखराबाईनं कांदा फोडला. "आमच्या रानात या एकदा. म्हशीचा पाय जातोय भेगंत. कुठं कुठं भ्यावं माणसानं?"

बाया हसल्या. खोटं काही नव्हतं त्यात.

"ती उन्हाची भेग. ही खड्ड्याच्या काठाच्या बराबरीनं चाललीय. सकाळी हिच्यात ज्वारीचं धाट ठोकलं होतं, गच्च. आता सुटून आत पडलंय. भेग रुंदावतीय."

"वाळकं धाट ते. आणखी वाळलं असंल!"

मकबूल बांबूच्या शिडीवरून खाली उतरला आणि नीट नागम्माकडं गेला.

"पोरीला उचल."

"बेडा... नको, मुकादम. नका हात लावू. काल दिसभर ऊन लागून ओकून राहिली होती. आता कुठं डोळा लागलाय तिचा."

"उचल म्हणतो ना."

"आन् वर कुठं ठेवू? तुमच्या टोपीखाली?"

पुन्हा हसू उठलं. मकबूल वाकला, धडप्यासकट पोर उचलली आणि शिडीकडं चालू लागला.

नागम्मा हातातल्या घासासकट मागं धावली. ती निलंग्याकडची. राग आला की तिच्या तोंडून कानडीच निघे. शिव्या कुणाला कळल्या नाहीत, पण चांगल्या जोरकस असाव्यात. भांडण बघायचं राहू नये म्हणून बाकीच्याही लगबगीनं शिडी चढल्या. जिवाच्या भीतीनं ज्यांनी भाकरी सोडली नव्हती, त्यांनी ती भांडणासाठी सोडली.

शेवटची बाई वर आली आणि मकबूलनं शिडी ओढून घेतली. सगळ्यांना आणि शिडीलाही काठापासून पार लांब नेलं.

नागम्मानं त्याच्या हातातून लेक हिसकावली होती. तिच्यावर पदर धरला. पदर विरलेला, ऊन सरळ आत यायचं. पोर जागी झाली आणि बारीक आवाजात रडू लागली.

भिंत उभी होती. काळी, सरळ, सारवल्यासारखी.

"काय मुकादम," थोड्या वेळानं साखराबाई म्हणाली, "भिंतीला निरोप धाडलाय न्हवं पडायचा?"

या वेळी फारसं कुणी हसलं नाही. ऊन बोलू देत नव्हतं. मकबूलनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा पोरीकडं. पडून जा गं भिंती एकदाची, असं त्याच्या मनात आलं. त्यानं तोंड फिरवलं.

पोरीचं रडणं थांबलं. नागम्मानं पदर बाजूला करून बघितलं. ओठ सुकलेले, मान कलंडलेली. तिनं पोर काखेला मारली आणि शिडीचं एक टोक धरलं.

"सोडा. मी जाती खाली."

"न्हाई सोडत."

"मरायचंच असंल तर सावलीत मरंल माझी लेक. सोडा!"

तिनं शिडी ओढली. त्यानंही ओढली. बांबू दोघांच्या मधे करकरला.

तेवढ्यात आवाज झाला. फार मोठा नाही. धान्याचं पोतं ओतावं तसा, पण ओतणं संपतच नाही असा. आधी ढीग गेला, त्याच्यामागून भिंत गेली. धुरळा उठला आणि कितीतरी वेळ कुणाला कुणी दिसलं नाही.

धुरळा बसला तेव्हा भिंतीच्या जागी नुसता उतार होता. भाकरीची फडकी, पाण्याची घागर, कुणाची तरी चप्पल, धडप्याची जागा, सगळं खाली गेलं होतं.

साखराबाई एकेका बाईपाशी जाऊन तिचा दंड चाचपून बघत राहिली.

नागम्माच्या हातून शिडी सुटली. तिनं पोर पुढं केली.

"धरा जरा," ती म्हणाली.

मकबूलनं सदऱ्याला हात पुसले आणि पोर घेतली. नागम्मा चार पावलं बाजूला गेली आणि मातीवर बसली.

तान्हं मूल कसं धरतात ते मकबूलला नीटसं माहीत नव्हतं. उन्हानं पोरीनं डोळे मिटले, कुरकुरली. त्यानं उन्हाकडं पाठ केली, थोडा पुढं झुकला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली. मग तो हललाच नाही.

जरा वेळानं साखराबाई आली. त्याच्या खांद्याला लागून उभी राहिली. सावली थोडी रुंद झाली.