कोपऱ्यावरून वळणाऱ्या रेषा

“डावी की उजवी?” सुताराच्या मुलीने विचारलं.

दोन पेट्या खिडकीखालच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या सुताराने डावी उचलली आणि कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. एकदा सरळ, एकदा उलटा.

वाद करवतीच्या पात्याचा होता आणि पंधरा दिवस चालला होता. पातं खास होतं, म्हणजे त्याला एकच काम येत होतं. व्हीनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर, लावलेल्या तक्त्याच्या पाठीवर ते एका फेरीत त्रिकोणी खाच पाडायचं आणि पुढचा कागदाएवढा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवायचं. खाचेत सरस भरून तक्ता वहीसारखा दुमडला की कोपरा तयार. लाकडाच्या रेषा न तुटता एका बाजूवरून दुसरीवर वळतात आणि बघणारा जोड शोधत बसतो. हेच काम साधं पातं तिरकं करून दोन फेऱ्यांत होतं. सुताराने तीस वर्षं तसंच केलं होतं.

“एकच काम करणारं हत्यार म्हणजे घरजावई,” तो म्हणायचा. “दिसायला चकचकीत, आणि घरातून हलत नाही.” त्याचा जावई त्याच कारखान्यात पॉलिश मारायचा. हे ऐकलं की तो आणखी एक हात मारायचा.

पण गेल्या महिन्यात पाच तक्ते वाया गेले आणि सुताराचं मत बदललं. खाच पेन्सिलीच्या रेघेवर बसत नाही, साधं पातं दगा देतंय, खास पातं हवंच, असं तोच म्हणू लागला. मुलीने दोनदा पातं बदललं, कोन मोजला. कोनात खोट नव्हती.

“म्हणजे माझा हात गेला, असंच ना?”

“मी कुठं तसं म्हटलं, बाबा?”

“तोंडाने नाही म्हटलंस.”

दुकानदाराने वापरून बघायला दिलेलं पातं उद्या परत जायचं होतं. शेवटी सुतारानेच तोड काढली. “एक पेटी या पात्याची कर, एक त्या पात्याची. कुठली कुठली ते सांगू नकोस. मला फरक सापडला तर पातं ठेवायचं. नाही सापडला तर दोष माझा. करवतीला पुन्हा हात लावणार नाही.”

मुलीला ही पैज नको होती. करवतीशिवायचा बाप ती दर रविवारी बघत होती. तो घरभर फिरून बिजागऱ्यांना नावं ठेवायचा. पण म्हाताऱ्यापुढे कुणाचं चालणार? तिने दार लावून पेट्या केल्या. जावयाने डोकावून पाहिलं, उजव्या पेटीकडे बोट केलं, “अगं, ही तर...” म्हणाला, आणि बायकोची नजर बघून पुन्हा पॉलिशकडे गेला.

आता सुताराने डावी पेटी खाली ठेवली. मुलीने उजवी त्याच्या हातात दिली. देता देता थोडी फिरवून एक बाजू नेमकी त्याच्या समोर आणली. अंगठा पुन्हा चारी कोपऱ्यांवरून गेला. मुलगी वाट बघत होती. जावयाचा ब्रश थांबला होता.

“खोटं बोलणार नाही,” सुतार म्हणाला. “फरक नाही. दोन्हींचे कोपरे बंद आहेत, दोन्हींच्या रेषा कशा पाण्यासारख्या वळल्यात. साध्या पात्याने तू हे केलंस, म्हणजे पात्यात दोष नाही.” त्याने एप्रन काढला आणि खुंटीला लावला. एप्रन पडला. त्याने उचलून, खुंटी चाचपून पुन्हा लावला. “ते पातं परत पाठव.”

मुलगी त्या खुंटीकडे बघत होती.

“पातं राहू दे,” ती म्हणाली. “उद्या कारखाना बंद ठेवू. सकाळी आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ.”

“डोळ्यांचं काय मध्येच?” सुतार हसला. “इथे हात हरलाय, बाई.”

मुलीने उजव्या पेटीवर तळहात ठेवला. बापाला जिंकता यावं म्हणून तिने ती मुद्दाम बिघडवली होती. तीन बाजूंच्या रेषा आडव्या होत्या, चौथीला दुसराच तुकडा जोडला होता, त्याच्या उभ्या.